झालं म्हटल्यावर चालू राहणारा कॅमेरा

माझा पोरगा सेवकराम कोणावर विश्वास ठेवत नाही. दूधवाल्यावर नाही, घड्याळावर नाही. मी "जेवली" म्हटलं तर माझ्यावरही नाही, भाताच्या गंजाचं झाकण उघडून पाहतो. लहानपणी तो असा नव्हता. हे त्याला कॅमेऱ्यानं लावलं.

आम्ही फुलचूरचे. सेवकराम आधी राइस मिलमध्ये पोती शिवायचा. १९९९ साली गोंदियातल्या छोटेलाल फोटोवाल्यानं आपला जुना व्हिडिओ कॅमेरा विकायला काढला, तो यानं घेतला. खांद्यावर ठेवला की गॅसचं सिलिंडर उचलून चालल्यासारखा दिसे. मी म्हटलं, "अरे, दुसऱ्याइचे लग्न पाहून तुयं पोट भरन का?" भरलं. माझंही भरलं, खोटं कशाला बोलू.

छोटेलालनं त्याला फोकस शिकवला, लाइट धरणं शिकवलं. पण एक गोष्ट तो आपली आपणच शिकला. लग्नात कॅमेरा दिसला की लोक तोंडावर हसू चढवतात. व्याही व्याह्याच्या गळ्यात पडतो. मामी आहेर देताना अशी पाहते की जणू काळीजच काढून देते आहे. सेवकराम हात वर करून म्हणायचा, "झालं!" पण बटण दाबायचा नाही. झालं म्हटलं की ती तोंडं खाली उतरायची. गळ्यात पडलेला व्याही दात खात बाजूला व्हायचा, मामी नवऱ्याला कोपरानं ढोसायची. खरं लग्न तिथून पुढं. मिक्सिंगला, म्हणजे कापाकापीला बसला की तो एवढा तुकडा काढून टाके. लोकांना गोड कॅसेट मिळायची, कडू याच्या डोक्यात राहायची. इतकी वर्षं हेच पाहिल्यावर माणूस दूधवाल्यावर विश्वास कसा ठेवेल?

मिक्सिंगच्या वेळी त्याच्या मांडीशी रंजिता बसलेली असे, त्याची एकुलती एक पोरगी. मुरमुरे खात टीव्हीकडे पाहायची. एकदा म्हणाली, "बाबा, सारेच नवरीकडे पाहून राहिले, आन तो बुढा एकटाच जिलबीकडे." सेवकराम हसला. मला वाटलं, पोरीला जिलबी पाहिजे. मी आणूनही दिली. तिला जिलबी नको होती, तिला तो बुढाच हवा होता. हे मला फार उशिरा कळलं.

रंजिता नागपूरला इंजिनिअर झाली, तिथंच पुढंही शिकली. २०१२ च्या उन्हाळ्यात घरी आली आणि आम्ही मोहफुलं पाखडत बसलो होतो तिथं येऊन तिनं बातमी सांगितली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात तिला डॉक्टरकी मिळत होती. सुई टोचायची नव्हे, पुस्तकातली. काम असं होतं की, माणूस चालतं चित्र पाहतो तेव्हा त्याचा डोळा आधी कुठं जातो, मग कुठं जातो, काय त्याच्यातून सुटून जातं, ते तपासायचं. आणि मग मशीनला तसं पाहायला शिकवायचं. चार वर्षांचं काम, आणि चार वर्षं पगार.

"पगार?" सेवकराम म्हणाला. "पगार शिकवणाऱ्याले असते. शिकणाऱ्याले फी असते."

"तिथं शिकणाऱ्यालेही देतात, बाबा."

"आन आपल्याले किती भराचे?"

"काहीच नाही."

सेवकरामनं चष्मा काढला आणि आपल्या बायकोकडे पाहिलं. "आयकलं, अल्का? इथंच गडबड आहे."

अल्का सूप हलवत राहिली. तिला नवऱ्याच्या संशयाची सवय आहे, पंख्याच्या आवाजासारखी.

सेवकरामचं अगदीच चुकत होतं असंही नाही. बिरसीला विमानतळाचं काम निघालं तेव्हा एक कोटवाला माणूस गावोगाव नोकऱ्या वाटत फिरला होता. आमच्या ओळखीच्या ईश्वरदासच्या पोराकडून पैसे घेऊन गेला, तो अजून परत यायचा आहे. सेवकराम म्हणाला, "त्यानं मांगतले तरी. मांगणारा चोर समजते. हे मांगूनच नाही राहिले, तर याइले पायजे तरी का?"

मी किराणा दुकानात निर्मलाबाईला विचारलं. बाई मारवाडी, दुनियेची खबर तिच्या काट्यावरून जाते. ती साखर तोलत म्हणाली, "आँख का काम बोल रहे हैं ना, अम्माजी? तो फिर आँख ही चाहिए होगी."

"दोन्ही का एक?"

"वो तो कागज में लिखा रहेगा."

त्या दिवसापासून मी रंजिताच्या डोळ्यांकडे जरा जास्तच पाहू लागले. मोठे आहेत पोरीचे डोळे, आजीवर गेले आहेत.

हे काम जर्मनीतल्या ज्या मॅडमच्या हाताखाली होतं, तिला महिना संपायच्या आत उत्तर पाहिजे होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. रंजितानं बापाला सांगितलं, "तुमी हो म्हटल्याबिगर मी नाही जात. पण नाही म्हणान, तर कारण सांगा. संशय काही कारण नसते."

सेवकराम उठून बाहेर गेला. त्याच्याजवळ कारण नव्हतं. पण हो देखील नव्हतं.

तेव्हा मी मधात पडले. मी दुसरी शिकलेली बाई, मला जर्मनी कळत नाही. पण पोरगी परक्या घरी कशी पाठवायची ते कळते. आमच्यात आधी घर पाहायला जातात. पुरुष ओसरीत बसून जमिनीच्या गोष्टी करतात, त्या सगळ्या खोट्या असतात. बाया मागच्या दारानं जातात, पाण्याची भांडी पाहतात, सून कोणत्या आवाजात बोलते ते ऐकतात. आणि घर मनात भरल्याशिवाय तिथला चहा तोंडाला लावायचा नाही. कप हाती घेतला म्हणजे पोरगी दिली.

मी म्हटलं, "घर पाहू."

"आजी, विमानाचं तिकीट…"

"अवो, तुया त्या डब्ब्यात नाही दिसत का?"

रंजितानं लॅपटॉप खिडकीपाशी मांडला, तिथं नेट धरायचं. मॅडम स्काइपवर आली. पिकलेले केस, कानात काही नाही, कपाळ मोकळं. रंजिता इंग्रजीत बोलायची आणि आम्हाला सांगायची. सेवकरामनं आपला कॅमेरा स्टँडवर चढवला आणि लॅपटॉपकडे तोंड करून सुरू केला. मॅडमला त्यानं विचारून घेतलं, ती हसून हो म्हणाली. धंद्याचा नियम तो पाळतो.

मी म्हटलं, "मागचं दार दाखव म्हणा."

रंजिता लाजली, पण तिनं सांगितलं. मॅडम तो आपला डबा हातात घेऊन चालू लागली. खोल्या दाखवल्या, कॉफीचं मशीन दाखवलं, मागं नेलं तर सायकलींची रांग. त्यातली एक तिची म्हणे. एवढी मोठी मास्तरीण अन सायकल! मला हे आवडलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. घर पाहायला गेल्यावर दाखवायचं नसते. अल्कानं चहा केला होता. सेवकरामनं कपाला हात लावला नाही.

"हा आपल्याच घरचा चहा आहे," अल्का म्हणाली.

"असो. घर त्याइचं पाहून राहिलो."

दुसऱ्या दिवशी तो टीव्हीसमोर बसला आणि ते शूटिंग मागंपुढं करू लागला. मागं, पुढं, परत मागं. दुपारी रंजिताला हाक मारली.

"हे पाय. बोलते तुयाशी, आन पाहते कुठं? डाव्या बाजूले. घडीघडी. कोन उभा आहे तिथं?"

"बाबा, कॅमेरा वर असते आन फोटो खाली, म्हणून डोळे…"

"मले कॅमेरा शिकवते? खाली नाही पाहून राहिली ती. बाजूले पाहून राहिली. पगाराचं बोलताना पाह्यलं. तुयं नाव घेताना पाह्यलं. कोनीतरी तिले सांगून राहिला, का बोलाचं ते."

रंजितानं परत मागं नेऊन पाहिलं. तिलाही दिसलं होतं. मलाही दिसलं. अल्कानं सूप खाली ठेवलं, एवढं सांगितलं की पुरे.

दोन दिवसांनी परत मॅडम आली, अल्कानं परत चहा मांडला. सेवकराम म्हणाला, "इचार, बाजूले कोन आहे."

रंजितानं विचारलं. मॅडमनं कपाळाला हात लावला आणि आपला डबा डावीकडे वळवला. तिथं माणूस नव्हता. तिथं दुसरा टीव्ही होता, आणि त्या टीव्हीवर आमचंच अंगण होतं. आमचा मांडव, पांढऱ्या साडीतली आमची सुमित्रा, बाजूला तिचा नवरा, मागं भंतेजी. सेवकरामच्या बहिणीचं लग्न, सेवकरामनंच शूटिंग केलेलं.

आम्ही सगळे त्या टीव्हीकडे पाहत होतो. सेवकराम एकटा रंजिताकडे.

"माही कॅसेट तिथं कशी गेली?"

रंजितानं सांगितलं. अर्जासोबत काही काम करून पाठवायचं होतं. तिनं त्या लग्नाचा तुकडा घेतला, मैत्रिणींना दाखवला, कोण कधी कुठं पाहते ते टिपलं आणि धाडून दिलं. त्याच्यावरच तिची निवड झाली.

"लोकाइची इज्जत असते कॅसेटीत."

"लोकाइचं नाही घेतलं. घरचं घेतलं. आत्याले विचारलं होतं."

"मले?"

"तुमाले नाही."

"काऊन?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं!" सेवकराम म्हणाला.

इतके दिवस बापडा जर्मनीत चोर धुंडत होता, आणि चोर मुरमुरे खात त्याच्याच मांडीशी बसून मोठा झाला होता. मला वाटलं, आता हा लॅपटॉप मिटवतो आणि संपलं. त्याचा हात गेलाही होता तिकडे. पण तिकडून मॅडमनं काहीतरी विचारलं आणि रंजितानं खाली मान घालून सांगितलं, "मॅडम म्हणून राहिल्या, या जागी सारे नवरा-नवरीवर फुलं टाकून राहिले. तरी बाबा, तुमचा कॅमेरा दाराजवळच्या बुढीवर गेला, आन तिथंच राहिला. काऊन, ते त्याइले बरेच दिवसाचं इचाराचं होतं."

दाराजवळची बुढी म्हणजे मी. पदर तोंडाशी धरून बाहेर पाहते आहे. मोठी करुण दिसत होते, मलाच माझी दया आली.

सेवकराम म्हणाला, "सांगू नको. आधी त्याइनं सांगावं, हे ऐकून का करतीन ते."

पण माझ्यानं राहवलं नाही. "त्याले का इचारता, मले इचारा. माही नवी चप्पल दारात होती. याच्या मावसभावावर मले भरोसा नव्हता."

"माय, तू रडून नव्हती राहिली?" सेवकराम माझ्याकडे पाहतच राहिला. बारा वर्षं त्याला वाटत होतं, माय बहिणीसाठी रडते आहे. तो तुकडा त्यानं म्हणूनच कापला नव्हता.

"रडली ना. चप्पल गेली तेव्हा."

रंजितानं कसंबसं इंग्रजी केलं. मॅडम हसली. डोळे पुसपुसून हसली. मग म्हणाली की उत्तराची वाट पाहते, आणि हात हलवला. सेवकरामनंही हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाला, "झालं!"

रंजितानं बंद करायला बोट पुढं नेलं. सेवकरामनं तिचं मनगट धरलं.

"थांब."

तिकडे मॅडमला वाटलं, आम्ही गेलो. तिनं आमच्याकडून तोंड फिरवलं. आम्ही वाट पाहत बसलो. आता उतरते तोंड, आता बाजूच्या कोणाला डोळा मारते, आता म्हणते की ही मंडळी फसली. तिनं कॉफीचा घोट घेतला. त्या दुसऱ्या टीव्हीवरचं लग्न मागं नेलं, माझ्यापाशी थांबवलं. वाकून जवळून पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, दाराकडे. चप्पल दिसते का, ते पाहत होती. आणि एकटीच परत हसली, कोणी पाहत नसताना हसतात तशी.

सेवकरामनं रंजिताचं मनगट सोडलं. स्क्रीन काळी झाली. त्यानं आपल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "अल्का, चहा आन."

"थंड झाला."

"थंडच आन."

रंजिता त्या वर्षी गेली. संशय काही गेला नाही, तो इथंच आहे. पहिला पगार झाला तेव्हा सेवकराम म्हणाला, "पाहू, दुसऱ्या महिन्यात देतात का." दुसऱ्या महिन्यातही दिला, तर म्हणाला, हे भरोसा बसवून राहिले.

रविवारी पोरगी स्काइपवर येते. भाजी काय केली, थंडी किती, सगळं होते. मग ती म्हणते, "ठेवते बाबा." हा म्हणतो, "ठेव." आणि बंद करत नाही. झालं म्हटल्यावर पोरीचं तोंड उतरते का, ते त्याला पाहायचं असते. पण ती त्याच्याच मांडीशी शिकलेली. तीही बंद करत नाही.

मग दोघं तसेच बसतात, एकमेकांकडे पाहत. नेट संपतपर्यंत.