‘दैनिक नगारा’तले खंडूभावजी

आमचे खंडूभावजी पत्रकार आहेत असं निम्मं नाशिक समजत होतं. यात लोकांची चूक किती आणि भावजींची किती, ते मी सांगते. ठरवा तुम्हीच.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, खंडेराव. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा लग्न नाही, पोरंबाळं नाहीत आणि अंगात नाटकाचं वेड. कामगार नाट्यस्पर्धेत दरवर्षी काम करायचे. बहुतेक वेळा पहिल्याच अंकात मरायचे आणि जेवायच्या वेळेला घरी हजर. मी म्हणायची, “भावजी, एकदा तरी शेवटपर्यंत जगा की!”

नव्व्याण्णव साली ‘मोहित्यांची माडी’ ही मालिका सुरू झाली. तुमच्याही घरी लागत असणार, नाही म्हणू नका. साडेसातला आमच्या कॉलनीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. त्या मालिकेत नाशकातून निघणारं एक वर्तमानपत्र होतं, ‘दैनिक नगारा’. मोहित्यांच्या घरातलं प्रत्येक भांडण त्याच्या पहिल्या पानावर यायचं. दुसरी बातमीच नसायची बिचाऱ्यांना. मुंबईत जागा महाग, म्हणून त्या पेपरचं ऑफिस इकडे नाशकातच, अंबडच्या एका रिकाम्या गोदामात थाटलं होतं आणि तिथे तिसऱ्या टेबलावर आमचे भावजी.

काम काय? मान खाली घालून लिहीत राहायचं. बोलायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पुढे संपादक तात्या गरजायचे, हिरॉईन रडायची, मागे भावजी लिहितायत. चार-पाच वर्षं लिहितायत! मला राहवेना. एकदा विचारलंच, “तुम्ही लिहिता तरी काय हो एवढं?”

“एकोणतीसचा पाढा,” म्हणाले. “तो कधी पाठच झाला नाही, वहिनी.”

लोकांना मात्र पाढा दिसत नव्हता. त्यांना टीव्हीवर रोज पेपरच्या ऑफिसात बसलेला माणूस दिसायचा आणि सकाळी तोच माणूस पिशवी घेऊन दूध आणायला निघालेला दिसायचा. मग काय! नळाला पाणी नाही, सांगा खंडूभाऊंना. नातवाला मेडल मिळालं, फोटो द्या खंडूभाऊंना. सुरुवातीला भावजी सांगायचे, अहो ते नाटक आहे. लोक हसायचे, म्हणायचे, किती साधा माणूस, मोठेपणा नाही अंगाला. मग भावजींनी सांगायचंच सोडलं. ही त्यांची चूक. एकदा पाण्याच्या तक्रारीसाठी महापालिकेत गेले आणि तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, वर विचारलं, “धाकट्या सुनेला ते विष कोणी दिलं हो?” दोन दिवसांत पाणी आलं. तेव्हापासून भावजी शर्टाच्या खिशाला पेन लावायला लागले.

‘नगारा’चं पहिलं पान छापून आणायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मुंबईहून मोठा मथळा यायचा, भावजी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यातून पान छापून घ्यायचे, बाकी मजकूर काहीही. कॅमेरा मथळ्यावर जायचा. आतली पानं रद्दीतली.

एवढ्यात सावित्रीबाई आली.

दोन हजार चारचा शिमगा नुकताच झाला होता. दुपारी दारात एक बाई उभी. पेठ तालुक्यातल्या डोंगराकडली, गुडघ्यापर्यंत लुगडं, पायात धुळीनं पांढऱ्या पडलेल्या चपला. म्हणाली, “नगाऱ्यावाले दादा हितंच ऱ्हातात ना?”

मी कपाळाला हात लावला. पण उन्हातनं आलेली, म्हणून आत घेतलं, पाणी दिलं. भावजी समोर बसले. तिनं कनवटीची पिशवी सोडून फोटो काढला. जत्रेतल्या स्टुडिओत काढतात तसा, मागे रंगवलेला धबधबा. नवरा ताठ उभा, शेजारी ती, तिचा हात त्याच्या खांद्यावर.

“ह्यो पुंजा गावित. माझा गोहो हाय,” ती म्हणाली. गोहो म्हणजे त्यांच्याकडे नवरा. दोघं द्राक्षाच्या कामाला खाली आली होती. बागेचं काम संपल्यावर पुंजा लासलगावला कांदा भरायला गेला, शिमग्याला घरी येतो म्हणाला. आला नाही.

“येईल हो,” मी म्हटलं. “काम लांबलं असेल.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला लाजल्यासारखं झालं. “बाई, आमचा मानूस कुडं बी आसू दे, होळीला घरी येतोच. येत नाय तो... काय तरी झालंय म्हनून येत नाय.”

पोलिसांनी नाव लिहून घेतलं होतं. एका पेपरवाल्यानं, मी नाव घेत नाही, जाहिरातीच्या खिडकीकडे बोट दाखवलं होतं. मग तिला ‘नगारा’ आठवला. द्राक्षबागायतदाराच्या ओट्यावर बसून सगळे मजूर मालिका बघायचे. त्यात तात्या एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, “नगाऱ्यानं छापलं आणि माणूस सापडला नाही, असं आजवर झालेलं नाही!” तेवढ्या एका वाक्यावर ती दोन एसट्या बदलून आली होती.

आता तरी सांगतील, असं वाटून मी भावजींकडे बघत राहिले. भावजी म्हणाले, “फोटो ठेवून जा.”

ती गेल्यावर मी फैलावर घेतलं. “भावजी, लाज वाटते का? त्या बाईला खोटी आशा लावता?”

“वहिनी, आपला पेपर किती घरांत दिसतो, माहीत आहे? खऱ्या पेपरपेक्षा जास्त!” तोंडात आपला पेपर! पण खरं सांगू? हिशेब काही चुकीचा नव्हता.

पुढच्या वेळी छापलेल्या पहिल्या पानावर मथळ्याशेजारी त्यांनी चौकट टाकली. ‘यांना कोणी पाहिलंत का? पुंजा गावित.’ खाली आमच्या घरचा फोन नंबर. चौकटीत दोघं मावेनात, म्हणून छापखान्यात सावित्रीबाईला कापलं. तिचा हात तेवढा राहिला, पुंजाच्या खांद्यावर, मनगटापर्यंत. भावजींनी कोणालाच विचारलं नव्हतं. कळलं असतं तर टेबल गेलं असतं, आणि त्या टेबलाशिवाय त्यांना दुसरं होतं काय?

कॅमेरा मथळ्यावर गेला, तिथे जरा जास्तच थांबला. चौकट स्वच्छ दिसली.

मालिका संपायच्या आत फोन वाजला. सोलापूरची बाई. “अहो, तो हात कोणाचा?”

“कसला हात?”

“फोटोतला हो! बांगड्या भरलेला. थोरल्या जावेचा आहे ना?”

काय सांगू तुम्हाला! अकोला, सांगली, चिपळूण, कुठून कुठून फोन. हात कोणाचा? पुंजा कोण, माडीच्या मालकाचा मुलगा का? मी सांगून थकले की हा खरा माणूस आहे, खरोखर हरवलाय. “हो हो, पण हात कोणाचा?” एकीनं तर मला दम दिला, की माहीत असून सांगत नाही म्हणून. मीही काही कमी नाही, चांगली सुनावली तिला.

त्या सगळ्या कल्लोळात एक फोन लासलगावहून आला. रेल्वेच्या मालधक्क्याजवळचा चहावाला, झुंबर. “तोंड वळखीचं वाटतंय. वॅगनी भरायला होता आमच्याकडं. आजारी वाटत व्हता.” भावजी दुसऱ्या दिवशी पहाटेच सावित्रीबाईला घेऊन गेले. पुंजा आता तिथे नव्हता, पण आधी होता! हमालांनी ओळखलं. ताप होता, मधेच कुठेतरी निघून गेला, मनमाडकडे की कुठे, सांगता येत नाही. सगळ्यांनी शब्द दिला की नजर ठेवतो. झुंबरनं फोटोची झेरॉक्स टपरीवर चिकटवली. त्या दिवशी सावित्रीबाई आमच्याकडे जेवली आणि पहिल्यांदा हसली. पुढे आठवडाभरात दोन फोन आले, एक चांदवडहून, एक मनमाडहून. आसाच एक मानूस दिसला म्हणून. माग लागत होता, खोटं नाही सांगत, लागत होता!

इकडे भावजींना दिग्दर्शकांनी बोलावलं. गेलं टेबल, असं समजून भावजी घरून जेवूनही गेले नाहीत. तर दिग्दर्शकांनी पाठीवर थाप मारली. म्हणे चॅनेलकडे पोत्यानं पत्रं येतायत, पुंजा कोण, हात कोणाचा. लेखकांनी कथा बसवलीसुद्धा. हात निघाला मोहित्यांच्या हरवलेल्या लेकीचा. मुंबईहून पुंजा म्हणून एक नट आला, गोरापान, खाऊनपिऊन सुखी, मिशी चिकटवलेली. अक्षय्य तृतीयेच्या खास भागात तो सापडणार होता.

भावजी चार-पाच वर्षांत सेटवर तोंड उघडून एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “सर, त्याला सापडू देऊ नका.”

“का हो?”

“खरा अजून सापडला नाही. लोक शोधतायत. तुम्ही सापडवलात, तर लोक थांबतील.”

दिग्दर्शक हसले. वाईट माणूस नव्हता, पण हसले. “खंडेराव, सणाच्या दिवशी प्रेक्षकांना रडवू का? आणि लोकांना काय कळत नाही का, हे खोटं आहे म्हणून?”

भावजींनी घरी येऊन मला हे सांगितलं. मी म्हटलं, “त्यांचंही खरंच आहे. एवढे काही लोक खुळे नसतात.” हे मी बोलले. मी, जिनं महिनाभर फोन उचलले होते!

खास भाग झाला. पुंजा सापडला, सनया वाजल्या, मोहित्यांची लेक धावत येऊन गळ्यात पडली. शेजारच्या मंजुषाताईंनी पेढे वाटले. आणि काय सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पेढा तोंडात टाकला आणि मग भावजींच्या तोंडाकडे लक्ष गेलं. टीव्ही बंद केला मी.

त्या दिवसापासून फोन वाजला नाही. सोलापूरचाही नाही, चांदवडचाही नाही.

पुढच्या आठवड्यात सावित्रीबाई आली. तिनं भाग पाहिला होता. मला वाटलं, रडेल, बोल लावेल. ती भावजींना म्हणाली, “चला दादा, परत इचारून येऊ. लय दिस झाले, कोनी कायच सांगंना.” या वेळी मीही निघाले.

लासलगावला मालधक्क्यावर वॅगनी लागल्या होत्या, कांद्याचा वास नाकात बसत होता. झुंबरच्या टपरीवर झेरॉक्स नव्हती. त्या जागी शीतपेयाची जाहिरात.

“फोटो कुठे गेला हो?” मी विचारलं.

“काढला की,” झुंबर खुशीत म्हणाला. “सापडला ना तो! आमी समद्यांनी बघितलं. बायको तर रडली माझी.”

“अहो, तो नट होता!” भावजी ओरडले. “खरा नाही सापडला!”

झुंबर गोंधळला. शेजारचा हमाल म्हणाला, “आसं कसं? ‘नगाऱ्या’त आलं होतं, सापडला म्हनून. मोठ्या अक्षरात.” आलंच होतं. ते पान छापून भावजींनीच आणलं होतं.

मनमाडला गेलो, तिथेही तेच. स्टेशनजवळच्या चौकीत हवालदार म्हणाले, “तो पुंजा? ती केस मिटली ना? आमच्या घरी सांगत होते.” कोणी दगाबाजी केली नव्हती हो. सगळ्यांना आनंद झाला होता त्या बाईसाठी. एकानं तर तिच्याकडेच बघून म्हटलं, देवानं ऐकलं बघा त्या माउलीचं!

भावजी फलाटावरच्या बाकावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला त्यांचा इतका राग आला होता सकाळपासून, पण तिथे मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

सावित्रीबाई फोटो घेऊन फलाटावरच्या एका हमालाजवळ उभी होती. त्यानं फोटो पाहिला आणि लगेच ओळखला. “हा तर सापडला की, बाई!”

“तुमचा सापडला, दादा,” ती म्हणाली. “माझा नाय.”

आणि फोटो पदरानं पुसून ती पुढच्या माणसाकडे गेली.