चौकीदार जागा होता

छताला चिकटवलेला वाटीएवढा पांढरा सेन्सर कुठेही दिसला, की अकोट तालुक्यातली ती चोरी आजही माझ्या डोळ्यांसमोर उभी राहते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बसलो तरी त्या गावच्या चौकीदाराला मी मनातल्या मनात सलाम करतो.

गावात दगडी इमारतीत चालणारं जुनं वाचनालय होतं. वाचक दिवे चालू ठेवून घरी जातात म्हणून सचिवांनी आदल्या हिवाळ्यात प्रत्येक खोलीच्या छताला ते सेन्सर बसवून घेतले होते. भिंत फोडली नाही, जुनी वायरिंग तीच ठेवली. माणूस आत आला की दिवा लागतो आणि गेला की विझतो, याचं सचिवांना भारी कौतुक. पाहुणा आला की आधी ते दाखवायचे.

ऐन मे महिन्यात, दुपारच्या सुटीत, मागच्या सभागृहातल्या कपाटातून चांदीचे करंडक गेले. गुन्हा नोंदवून आम्ही पंचनामा केला. सभागृहाच्या दाराचं कुलूप शाबूत होतं, कपाटाला कुलूप नव्हतंच. आमच्या खबऱ्याने सांगितलं, की चोर बाहेरचा नाही, त्या इमारतीत ऊठबस असलेलाच आहे. सगळ्यांची बोटं चौकीदाराकडे वळली.

साठीला टेकलेला, हडकुळा माणूस. त्याचा जबाब एकच होता. दुपारभर तो सभागृहासमोर स्टुलावर बसून होता, आणि दारावरच्या काचेतून आतला दिवा लागलेला त्याला दिसला नाही. पंचनाम्याच्या वेळी आम्ही आत पाऊल टाकताच दिवा लागला होता. शंका नको म्हणून पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हाही लागला. म्हणजे एक तर हा झोपला होता, नाहीतर चोराला सामील होता.

रोज ठाण्यात बोलावून मी त्याला उलटसुलट विचारलं. नोकरीवरून त्याला घरी बसवलंच होतं, आता कोठडीची पाळी येणार हे त्यालाही दिसत होतं. मलाच त्याची दया आली. डुलकी लागली होती असं सांग, मी सचिवांशी बोलतो, असं मी त्याला सुचवलं. डबा घेऊन आलेल्या बायकोनेही तेच विनवलं. दोघांचं ऐकून तो म्हणाला, "साहेब, एक वेळ चोर म्हना मले, पन झोपला म्हनू नका. लाइट लागलाच नाई, तर लागला कसा म्हनू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं बोलून सुटणारे ढिगाने पाहिले. सुटकेचं दार उघडं असताना बाहेर न पडणारा हा पहिलाच. त्याच्या हट्टाने माझी झोप उडवली.

एका दुपारी अकोल्याच्या कोर्टातून परतताना मी न कळवता वाचनालयाकडे गाडी वळवली. वाचनालयाच्या शिपायाने दार उघडलं आणि सवयीने तो कूलरच्या बटणाकडे धावला. मिनिटभराचंच काम आहे, राहू दे, असं म्हणून मी आत गेलो. सभागृह भट्टीसारखं तापलेलं होतं. मी चाललो, हात हलवले, टेबलाला वळसा घातला. दिवा लागला नाही.

मग कूलर लावायला सांगितला आणि बाहेर थांबलो. हॉल गार झाल्यावर आत गेलो तर दिवा लख्ख. सेन्सर बसवणाऱ्या अमरावतीच्या इंजिनिअरला फोन केला. त्यांनी सांगितलं, की हे यंत्र अंगाची ऊब ओळखतं. खोलीच अंगाइतकी तापली तर त्याला माणूस वेगळा कळत नाही. आमच्याकडे मे महिन्यात आलेल्या माणसाला आधी कूलरपुढे बसवतात, मग काम विचारतात. पोलीस येणार म्हटल्यावर शिपायाने दोन्ही वेळा कूलर आधीच लावून ठेवला होता. आमच्या पाहुणचाराने आमचाच तपास बिघडवला होता.

पुढचं अवघड नव्हतं. कूलर मागच्या खिडकीबाहेर स्टँडवर होता. दुपारच्या सुटीत तो बंदच असायचा; तेव्हा सरकवला की माणूस आत उतरू शकत होता. चोरीच्याच आठवड्यात दरवर्षी येणारा कारागीर कूलरच्या जाळ्यांतलं गवत बदलून गेला होता. त्याला बोलावलं. कूलर बंद असताना इथे दिवा लागत नाही, हे त्याला काम करतानाच कळलं होतं. तासाभरात त्याने कबुली दिली आणि मुद्देमाल जुन्या गवताच्या पोत्यात सापडला.

त्या चौकीदाराने मला एक गोष्ट शिकवली. गैरसोयीचा जबाब देणारा माणूस तो जबाब बदलत नसेल, तर त्याला दमात घेण्याआधी जागा पुन्हा तपासावी, आणि तीही त्याच उन्हात. पुढे मी हे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो.

सचिवांनी त्याला नोकरीवर परत घेतलं, शाल देऊन सत्कारही करणार होते. त्याला सत्कार नको होता. तो माझ्याकडे ठाण्यात आला आणि आता कागदावर काय लिहिलं, एवढंच त्याने विचारलं. मी त्याला वाचून दाखवलं: घटनेच्या वेळी चौकीदार जागा होता.

"अजून एक डाव वाचा साहेब," तो म्हणाला, आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकोला त्याने हाताने आत बोलावलं.