थांबण्याचा निरोप

प्रयोगशाळेत त्यांना सगळे सासूबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांच्या बशांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. बशांत उंदराच्या भ्रूणातल्या मूळपेशी होत्या. या पेशी पुढे हृदय, मेंदू, कातडी, काहीही होऊ शकतात. पण तोवर 'थांबा' हा निरोप त्यांना रोज मिळावा लागतो. निरोप म्हणजे एक प्रथिन, गोठवलेल्या नळीतला थेंबभर. तो चुकला की पेशी वाट फुटेल तिकडे सुटतात आणि परत म्हणून येत नाहीत.

सासूबाईंची निवृत्ती तोंडावर आली तशी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी त्यांच्या हाताखाली एक मुलगी दिली. नेमकी सासूबाईंची भाची.

"घरचीच आहे, शिकवा तिला. तिला जमलं की तुम्ही सुटलात."

सुटलात म्हणे! नवरा गेल्यापासून सासूबाई धाकट्या बहिणीकडे एका खोलीत राहत होत्या. सुटून जायचं कुठे? पोरीला जमलं नाही, तर मात्र मुदतवाढ नक्की होती.

शनिवारी घरी जाताना त्यांनी निरोपाची एक नळी पेशी वाढवायच्या उबदार कपाटावर ठेवून दिली. सोमवारी ती पुन्हा गोठवून भाचीच्या खणात सरकवली. वरची चिठ्ठी तीच, आतला निरोप मेलेला.

पोर जीव ओतून काम करायची. वेळेवर खाद्य बदलायची, श्वास रोखून थेंब सोडायची. तरी पेशी पसरायच्या, चपट्या व्हायच्या. एकदा ती ओरडली, "मावशी, लवकर ये! हे बघ, धडधडतंय!"

बशीच्या कडेला हृदयाच्या पेशींचा ठिपका खरंच ठोके देत होता. पोरीचा चेहरा फुलला होता.

"वाया गेली बशी," सासूबाई म्हणाल्या. "ब्लीच ओत."

तिने ओतलं. ठिपका थांबेपर्यंत ती मायक्रोस्कोपला डोळा लावून होती.

डॉक्टरबाईंनी खाद्य तपासलं, कपाटाचं तापमान तपासलं. सासूबाईंनी दिलेल्या नळीवर कोण संशय घेणार? शेवटी पोरीला घरी बसवलं आणि सासूबाईंना मुदतवाढ मिळाली.

त्या संध्याकाळी बहिणीने आग्रह करकरून वाढलं. "ताई, तू होतीस म्हणून तिला इतके दिवस तरी ठेवून घेतलं." सासूबाई पोटभर जेवल्या. घास कुठेही अडकला नाही.

"मावशी, माझं चुकत काय होतं गं?" भाचीने विचारलं.

"हाताला गुण लागतो. तो तुझ्या हाताला नाही."

पोरीने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. "बरं झालं, आताच कळलं," ती म्हणाली, आणि मावशीचं ताट उचलून घासायला घेऊन गेली.