आठ रंगांचे मणी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वाशीमच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. कौसल्या आमच्या प्रयोगशाळेत सहायक होती — आसेगावची, बौद्ध मजुराच्या घरातली पहिली पदवीधर. फ्लूच्या विषाणूची जनुकं एका सलग धाग्यात नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. मी वर्गात ते सांगून मोकळा झालो. मागे स्लाइडी पुसत बसलेली कौसल्या मात्र तिथेच अडली.

“सर, पेशीत तं ढीगभर तुकडे तयार होत असतीन. मंग नव्या विषाणूत आठही येगयेगळे बराबर कसे भरल्या जातात? काहून चुकत नाहीत?”

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी हसलो. — पण सांगायचं ते हे नाही.

तिने शिरपूरच्या देवळाबाहेरून आठ रंगांचे ढीगभर मणी आणले, एक रंग म्हणजे एक तुकडा असं धरलं आणि सगळे एका डब्यात मिसळले. न बघता आठ काढायचे, रंग वहीत टिपायचे, परत टाकायचे. महिनाभर, रोज दुपारी. आठही रंग एकत्र आले ते अगदी क्वचित. मग तिने लिहिलं: एक तर विषाणू आठापेक्षा जास्त तुकडे कोंबत असेल, नाहीतर प्रत्येक तुकड्यावर ओळखीची काही खूण असेल. वही माझ्याकडे दिली — इंग्रजी तपासायला.

मी तपासलं. टाइप केलं. आणि वर फक्त माझं नाव घातलं.

नागपूरच्या परिषदेत टाळ्या पडल्या. चूक झाली म्हणू? नाही — विचार करून केलं. तिच्या बाजूने बोलणारं कॉलेजात कोणी नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

निबंधाची छापील प्रत वाचून ती एवढंच म्हणाली, “सर, दहा-बारा मणी काढले तं आठही रंग जास्त येळा येतात. थे लिहाचं राह्यलं.”

पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली. मी थांबवलं नाही. खरं सांगू? — सुटल्यासारखं वाटलं.

काही वर्षांनी मालेगावच्या स्टँडवर ती दिसली, नवऱ्यासोबत. मी तोंड फिरवणार, तोच तिने हाक मारली. नवऱ्याला म्हणाली, “हे माहे सर. विषाणूचं सारं यायनंच शिकवलं मले.”

त्याने हात जोडले. ती माझ्याकडे बघत होती — वाट बघत होती का? एक वाक्य पुरलं असतं.

“हो,” मी म्हणालो, “चांगली विद्यार्थिनी होती.”