माळ घालण्यापूर्वीचे खेकडे: शिरूर ते दौंड

गुरुवारी सकाळी मी दत्ताच्या तसबिरीला हार घातला, आरती म्हटली, आणि हाताचं गंध वाळायच्या आत गाडीच्या डिकीत दोन गोणपाटं टाकली. शोभा, म्हणजे माझी बायको, हातावर प्रसादाची साखर ठेवत म्हणाली, "आज गुरुवार आहे. गोणपाटं कशाला?"

"खायचे नाहीत गं. नुसते बघून यायचे आहेत."

"खेकडे बघायला माणूस रजा टाकतो हे पहिल्यांदाच ऐकतेय," ती म्हणाली आणि तिने दिव्याची वात सारली.

खुलासा आधीच केलेला बरा. मी कारेगावात राहतो, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पन्नाशी दोन पावलांवर आली आहे. गळ्यात तुळशीची माळ घालायचं तीन वर्षांपासून मनात आहे. माळ घातली की मांस-मासा कायमचा बंद. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एक अट मी स्वतःच घालून बसलो होतो: सोडायच्या आधी खुटबावच्या शाळेतल्या आम्हा पंधरा मित्रांनी एकदा पोटभर, भरलेले, जिवंत आणलेले खेकडे खायचे. चिकन-मटणाचा मला मोह नाही. अडकलो होतो तो खेकड्यात.

दोन वर्षं हा बेत फसला. पहिल्या वर्षी शिरूरहून खेकडे घेतले आणि त्यांना बरं वाटावं म्हणून प्लास्टिकच्या पिंपात गळ्यापर्यंत पाणी भरून ठेवले. सकाळी सगळे मेलेले. मेलेला खेकडा खात नाहीत, लगेच बिघडतो. आम्ही बटाट्याचा रस्सा खाल्ला. दुसऱ्या वर्षी कारखान्यातल्या एका बंगाली कामगाराने ओळखीतून थर्माकोलच्या खोक्यात मागवून दिले. "एकदम जिंदा है, साहब," म्हणाला, आणि होतेही. पण फोडावा तर आत पाणी. पंधरा माणसं तासभर टरफलं चोखत बसली. माझं माळ घालणं दोन्ही वेळा पुढे गेलं आणि मित्रांनी जाहीर केलं की मला माळ घालायचीच नाही, खेकडे हे निमित्त आहे. म्हणून या वर्षी आधी खात्रीचं ठिकाण शोधायचं आणि मगच तारीख कळवायची, असं ठरवून निघालो.

शिरूरला पोचलो तेव्हा दुकानांची शटरं उघडत होती. घोडनदीचं पाणी पावसानंतर उतरून निवळलं होतं. पुलाजवळ पोहे आणि चहा चाळीस रुपयांत झाले. पोहे गरम होते, एवढं पुरे. मासळीवाल्या मामांकडे पाटीत सात-आठ खेकडे पाय पोटाशी घेऊन पडलेले होते.

"मामा, जिवंत आहेत का?"

"सकाळी व्हते."

"आणि आता?"

"आता इश्रांती घेत्यात." मामांनी एकाला काडीने टोचलं. तो हलला नाही. "दमलाय. प्रवास झालाय न्हवं."

"कुठून आलेत?"

"ते इचारू नका. दौंडाकडनं येत्यात. तिकडं जाऊन घ्या म्हनलं तर माझं गिऱ्हाईक तुटतं, न्हाई म्हनलं तर तुमी शिव्या देनार." एवढा प्रामाणिकपणा मी आमच्या परचेस डिपार्टमेंटमध्येही पाहिलेला नाही. मी त्यांच्याकडून खेकड्यांऐवजी पावशेर सुकट घेतली आणि दौंडची वाट धरली.

तुम्ही निघणार असाल तर शिरूर-न्हावरा-चौफुला हा रस्ता धरा. आता रुंद आणि चांगला झाला आहे. साखर कारखाने सुरू व्हायच्या आत जा; एकदा उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की ट्रॅक्टरवरची मोठ्या आवाजातली गाणी ऐकत त्यांच्या मागे रांगावं लागतं. पारगावजवळ भीमेचा पूल लागतो. मी गाडी बाजूला घेऊन नदीला हात जोडले. जिच्या पोटातले खेकडे न्यायला चाललोय तिलाच नमस्कार, हे जरा विचित्र होतं खरं, पण विचारून घेतलेलं बरं.

चौफुल्यावर सुरेश उभा होता. हा माझा शाळेतला बाकसोबती, खुटबावचा बागायतदार, सोसायटीचा माजी संचालक. निवडणुकीत पडल्यापासून तो सगळ्या जगाकडे फेरमतमोजणीच्या नजरेने बघतो. चौफुल्यावर थांबलो म्हटलं की लोक तमाशाच्या थिएटरांची चौकशी करतात, म्हणून आम्ही चहाही न घेता निघालो.

"काय रे, नियोजित माळकरी," सुरेश सीटबेल्ट लावत म्हणाला, "यंदा तरी घालनार का देवाला तारीख पे तारीख?"

"कार्तिकी एकादशीला घालतोय. आदल्या दिवशी खेकडे."

"गेल्या साली आषाढीला घालनार व्हता."

"खेकडे पोकळ निघाले."

"खेकडेच का?" तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

दौंडला रेल्वेच्या रुळांपलीकडे, नदीच्या अंगाला मासेमारी करणाऱ्यांची काही घरं आहेत. तिथे गंगूआक्का भेटल्या. साठीच्या पुढच्या, काष्टा घातलेल्या, तोंडात तंबाखूची गोळी. अंगणात मोठ्या घमेल्यात ओलं गोणपाट अंथरलं होतं, त्यात बोटभर पाणी आणि वर खेकड्यांची चुळबुळ. नांग्या सुतळीने बांधलेल्या. मला वाटलं, झालं, देव पावला.

"आक्का, पंधरा माणसांना पुरतील एवढे पाहिजेत. आज नको, पण तुमच्याकडे खात्रीने मिळतील का ते बघायला आलोय."

आक्कांनी एक खेकडा उचलला, उलटा केला आणि पोटाचं कवच अंगठ्याने दाबलं. ते पत्र्याच्या डबीसारखं आत गेलं. "दाबून बघा."

मी दाबलं. आत गेलं.

"रिकामा हाय. उद्या कोजागिरी. पुनवेच्या टायमाला खेकडा पोकळ आसतो. हे मी हॉटेलवाल्याला देती, त्याला निस्ता रस्सा लाल दिसला म्हंजी झालं. तुमाला न्हाई देनार."

सुरेश म्हणाला, "गिऱ्हाइकाला परत लावनारी तुमीच बघितली आक्का."

"परत न्हाई लावत. तारीख देती. जेवान कवा हाय?"

"कार्तिक शुद्ध दशमीला."

"शुद्ध दशमीला?" त्यांनी तंबाखू गालात सरकवला. "आन् ह्याच्या आधी कवा खाल्लं?"

मी सांगितलं. एकदा ज्येष्ठातली शुद्ध दशमी, एकदा आषाढातली.

आक्का हसायला लागल्या. आतून त्यांची सून बघायला आली इतक्या हसल्या. "दादा, तुमी दर साली चढत्या चांदन्यात खेकडं घ्यायचं आन् इकनाऱ्याला शिव्या द्यायच्या. ते पोकळच निघनार की. अंधाऱ्या पंधरवड्यात या. आवस जवळ आली की खेकडा भरतो."

"पण मला एकादशीच्या आधीच खायचे आहेत. एकादशीला माळ घालायची आहे."

"मग वद्य पक्षात एकादशी येत न्हाई व्हय? का त्या एकादशीला पांडुरंग रजेवर आसतो?"

सुरेशने तोंडावर रुमाल धरला. मी माळकऱ्यांच्या घरातला, दर एकादशीचा उपास करणारा, भिंतीवर पंचांग टांगलेला माणूस. वर्षात चोवीस एकादश्या असतात हे मला तंबाखू खाणारी बाई दौंडमध्ये समजावत होती.

पिंपाची गोष्टही सांगून टाकली. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "खेकड्याला पानी कमी आन् ओल जास्त लागती. बुडवून मारलं तुमी त्यास्नी." हे वाक्य वाचकांनी लिहून ठेवावं: ओलं गोणपाट, बांधलेल्या नांग्या, गाडीची थोडी उघडी काच, आणि वाटेत जेवायला थांबायचं नाही. पोटाखालचं झाकण रुंद असेल तर मादी. त्याखाली पिल्लं असली तर आक्का ती विकत नाहीत, नदीत सोडतात. मागूही नका.

संध्याकाळी घरी येऊन पंचांग काढलं. आश्विन वद्य एकादशी, मंगळवार, बारा दिवसांवर. त्याआधीच्या रविवारी वद्य नवमी. सगळं जुळत होतं, तरी मी बोट कार्तिकाच्या पानावरच ठेवून बसलो होतो. शोभाने विचारलं, "आता काय राहिलं?"

"कार्तिकीला घातली असती तर बरं दिसलं असतं. मोठी एकादशी. चार लोक जमले असते."

"तुम्हाला माळ घालायची आहे, का माळेचा कार्यक्रम करायचा आहे?"

तिने हे कोथिंबीर निवडता निवडता विचारलं आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. मी कार्तिकाच्या पानावरचं बोट काढलं. खेकडा दाबून बघायची रीत सकाळीच शिकलो होतो. ती स्वतःवर वापरायची वेळ इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी मी मित्रांच्या ग्रुपवर रविवार कळवला.

रविवारी सकाळी सातला आम्ही आक्कांच्या अंगणात होतो. पासष्ट खेकडे. प्रत्येकाचं पोट दाबून घेतलं. एकही आत गेलं नाही. पैसे ब्रॉयलरपेक्षा बरेच जास्त लागतात, घासाघीस केलीत तर आक्का तुम्हाला शिरूरच्या मामांकडे पाठवतात. पाटसपर्यंत सगळं शांत होतं. पुढे एकाने सुतळी सोडवली आणि तो पुढच्या सीटखाली आला. माजी संचालकांनी खुटबावपर्यंतचा प्रवास दोन्ही पाय डॅशबोर्डवर ठेवून केला. तरी पासष्टच्या पासष्ट जिवंत पोचले, पासष्टावा थोडा रागावलेला.

सुरेशच्या विहिरीजवळ चूल मांडली. बारीक पाय पाट्यावर वाटून, गाळून त्याचा रस कालवणात घातला, भाजलेलं खोबरं, कांदा, घरचं काळं तिखट. बाजरीच्या भाकरी सुरेशच्या घरून आल्या. पहिलं ताट मला दिलं. बाकीचे चौदाही जण माझ्याकडे बघत होते.

नांगी फोडली. पांढरं, घट्ट, गोड मांस. कालवण इतकं चांगलं झालं होतं की काही वेळ कुणी टोमणाही मारला नाही. मी सहा खाल्ले.

"आता?" सुरेशने विचारलं. "एवढं ग्वाड लागल्यावर सोडवंल का?"

मलाही तीच भीती होती. पण हात धुताना वाटलं, न आवडणारी वस्तू सोडली असती तर त्यात देवाला दिलं काय? कारलं सोडल्यासारखंच. पोकळ खेकड्यांवर माळ घातली असती तर जन्मभर मनात एक भरलेला खेकडा फिरत राहिला असता. आता तो शोध संपला होता. ठिकाण माहीत झालं, पक्ष माहीत झाला. मित्रांना दर वर्षी आणून देईन, भाकरी आणि ठेचा घेऊन शेजारी बसेन.

मंगळवारी फर्स्ट शिफ्ट होती. सहाच्या आधी मी आणि शोभा कारेगावच्या विठ्ठल मंदिरात गेलो. बुवा नुकतेच काकडा आटोपून समया पुसत होते. दुसरं कुणी नव्हतं. तबकातली माळ बघून ते म्हणाले, "आज कसं काय? कार्तिकी पंधरा दिवसांवर आली की."

"थांबलो तर पुन्हा भूक लागेल," मी म्हणालो.

बुवांनी माळ देवाच्या पायाला लावली आणि माझ्या गळ्यात घातली. मी सात वाजता कार्ड पंच केलं.