सलीमभाईंनी लिहिलेलं पान

सलीमभाई कुणाच्याही घरी गेले की दारात चपला काढता काढताच विचारायचे, "आमचं काय चुकलं, तेवढं सांगा." कोरोनात माणूस गमावलेलं घर असायचं ते. लोक गडबडायचे, नशिबावर ढकलायचे. "नशिबाचं राहू द्या," सलीमभाई म्हणायचे, "दवाखान्याचं सांगा." मग पाठकोरे कागद शिवून केलेली वही उघडायची. चहा त्यानंतर.

नामपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आणि ते आरोग्य सहायक. साथ ओसरल्यावर वरून पत्र आलं, काय केलं आणि पुढच्या वेळेसाठी काय शिकलात, याचा अहवाल पाठवा. काय केलं ते मी एका बैठकीत लिहून मोकळा झालो. काय शिकलो ते शोधायला हा गृहस्थ दोन महिने मोटारसायकलवर गावं पालथी घालत होता. खरं सांगतो, मला त्या वहीची धास्ती वाटायची.

कारण वहीत माझं टेबल होतं. कांद्याचे लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा बाजाराच्या फाटकातच तपासणीचं टेबल मांडायचा हुकूम मी दिला होता. सलीमभाई तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, ज्याला कोरोना निघेल त्याचा कांदा आपण विकून देऊ, हे आधी सांगा. नाय तर कोणी थांबणार नाय." आपण काय अडते आहोत का, म्हणून मी हसलो होतो. शेतकऱ्यांनी टेबल पाहिलं आणि ट्रॅक्टर मागे वळवले. पॉझिटिव्ह निघालो तर घरात कोंडतील आणि कांदा साठवणीच्या चाळीत सडेल, ही त्यांची भीती. मग व्यापारीच गावोगाव जाऊन ओट्यांवर सौदे करू लागले. ज्या वस्त्या तोवर वाचल्या होत्या तिथे आजार असा पोचला. वहीत त्या घरांची नावं होती.

सलीमभाईंनी ते सगळं एका पानात उतरवून माझ्यासमोर ठेवलं. "तुमचं नाव नको, साहेब. टेबलाचं तेवढं लिहा."

माझी नाशिकला बढती ठरत होती. चौकशी लागेल म्हणून मी घाबरलो आणि ते पान अहवालातून काढलं. 'फाटकावरील तपासणी समाधानकारक' असं लिहिलं. सलीमभाईंनी अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी इथं तुम्ही नसाल, मी पण नसेन. हा कागदच असेल."

निवृत्तीनंतर वर्षभरात ते हृदयविकाराने गेले. मी त्यांच्या घरी गेलो, चपला काढल्या, पण भाभींना पेन्शनच्या कागदांचं तेवढं विचारून परत आलो.

परवा नाशिकच्या कार्यालयात माझ्या टेबलावर एका नव्या तापाबद्दलचा आदेश आला. 'मागील अनुभवाच्या आधारे' सर्व बाजारांच्या फाटकांवर तपासणी. खाली संदर्भ म्हणून माझाच अहवाल. मी आमच्या जुन्या केंद्रातल्या नव्या डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं, थांबा, टेबल मांडू नका.

"सकाळीच मांडलं, सर," ती मुलगी उत्साहाने म्हणाली. "गर्दी अजिबात नाही. ट्रॅक्टर फाटकापर्यंत येतात आणि परत जातात."