चिऱ्यांच्या घरातली दुपार

टाचा घासायला मोरीत जांभ्या दगडाचा एक तुकडा ठेवलाय. अक्काच्या कोकणातल्या अंगणातून आणलेला. पाणी पडलं की त्याला अजून त्या घराच्या भिंतींचा वास येतो.

अक्का माझी थोरली बहीण. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मेव्हण्यांची तिकडे बदली झाली आणि त्यांनी समुद्राला लागून जांभ्या चिऱ्यांचं घर भाड्यानं घेतलं. आमचे वडील, नाना, एरंडोलकडचे केळीवाले. मी त्यांना अक्काकडे घेऊन गेले, तेव्हा त्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. “इतलं पानी, पन केळले काय कामनं?” एवढंच म्हणाले.

त्या दुपारी जेवून आम्ही गार फरशीवर आडवे झालो. तासाभरानं नाना धडपडून उठले. “उठ, वारा सुटना! बठ्ठी केळ पडी जाई!” वाळत घातलेले कपडे खाली टाकून त्यांनी दोरी सोडली आणि वाऱ्यानं पडणारी केळीची झाडं बांधायला अनवाणी बाहेर धावले. समोर नुसता लाटांचा घोंघाट.

अक्का मागोमाग गेली. त्यांच्या हातातली दोरी काढून घेत हळूच म्हणाली, “नाना, समुद्र शे. नुसता समुद्र शे.”

मी पोट धरून हसले. नाना मात्र खडबडीत चिऱ्यावर तळहात टेकून उभे राहिले.

नाना गेल्यापासून मळा मी बघते. गेल्या वैशाखात घड लागलेल्या केळीत वारा शिरला. दार लावून, डोळे घट्ट मिटून मी कॉटवर बसले होते. बाहेर एकेक झाड मोडत होतं आणि मी पुटपुटत होते, “समुद्र शे. नुसता समुद्र शे.”